मक्ता द्या, पण करार टेबलावर ठेवा

माझे मेव्हणे दुसऱ्या एका छोट्या शहरात राहतात, तिथं सरकारी मदतीवर चालणारं विमान आपल्या सोलापूरच्या आधीच सुरू झालेलं. मागच्या वर्षी त्यांच्या आईचं मुंबईत ऑपरेशन ठरलं होतं, आदल्या रात्री ॲडमिट व्हायचं होतं, म्हणून म्हाताऱ्या माणसाला बारा तास गाडीत कशाला बसवायचं म्हणून विमानाची तीन तिकिटं काढली. सकाळी सात वाजता मेसेज आला की आजचं विमान रद्द, पैसे आठवड्यात खात्यावर जमा होतील. मग भाड्याची गाडी, रस्ताभर आईला उलट्या, आणि ऑपरेशन चार दिवस पुढं. पैसे परत मिळाले, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्या विमानाच्या सीटमागे सरकार पैसे देतं, म्हणजे तुम्ही आम्ही देतो, मग विमान उडालं नाही तर सरकारने कंपनीला काय विचारलं? न झालेल्या फेरीचे पैसे मिळणार नाहीत हे समजतं, पण वेळापत्रक मोडल्याचा दंड आहे का, किती आहे, कुणी लावला का? मेव्हण्यांनी तिथं विचारलं, मी इथं विचारलं, कुणाकडेच उत्तर नाही. करारात असेल म्हणाले. करार कुठंय? ते माहीत नाही म्हणाले.

माझे वडील आरएमएसमध्ये, म्हणजे रेल्वेतल्या डाकसेवेत, सॉर्टर होते. रात्रीच्या गाडीच्या डाकडब्यात उभं राहून पत्रं लावायची, स्टेशन आलं की थैल्या द्यायच्या, घ्यायच्या, सही करायची. एखादी थैली चुकली, उशिरा चढली, तर त्याची कागदावर नोंद व्हायची आणि वर जबाब द्यायला लागायचा, "का उशीर झाला, कुणामुळे झाला". घरी आल्यावर सुद्धा वडील कधी कधी त्याच काळजीत असायचे. म्हणून मला हे पचतच नाही की एक थैली उशिरा गेली तर सॉर्टरला जबाब द्यायला लागतो आणि सत्तर माणसांचं विमान गेलंच नाही तर कुणालाच काही विचारत नाहीत.

वडिलांमुळेच मला टपालाच्या जुन्या इतिहासाचा नाद लागला, त्यातही आगबोटींच्या टपालाचा, कारण सरकारने खाजगी कंपनीला पैसे देऊन लोकांचं काम करून घ्यायचं, हा जो आज आपण उडान-बिडान (छोट्या शहरांच्या विमानांना मदत देणारी केंद्राची योजना) म्हणून नवा प्रकार समजतो ना, तो पावणेदोनशे वर्षांपूर्वी आगबोटींवर पूर्ण खेळून झालाय. सगळे डाव, सगळ्या चोऱ्या, सगळे चांगले नियमसुद्धा. आपण ते नुसतं वाचलं तरी पुष्कळ काम होईल.

आधी थोडं मागचं सांगतो. शिडाची जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जायची, विलायतेला पत्र पोचायला चार-सहा महिने लागायचे, उत्तर यायला वर्ष. मुंबईच्या व्यापाऱ्यांचं आणि तिथल्या गोऱ्या अधिकाऱ्यांचं म्हणणं होतं की तांबड्या समुद्रातून आगबोट चालवा, सुएझला टपाल उतरवा, तिथनं जमिनीवरून अलेक्झांड्रिया, पुढं परत बोट. तर मुंबईच्याच वाडियांच्या गोदीत 'ह्यू लिंडसे' नावाची आगबोट बांधली आणि २० मार्च १८३० ला ती मुंबईहून निघाली. तिच्यात कोळसा मावायचा साडेपाच दिवसांचा, आणि एडन लांब. मग काय केलं तर केबिनमध्ये, जिथं जागा मिळेल तिथं कोळसा भरला, बोट पाण्यात इतकी दबली की चालेना, आणि ११ दिवसांनी एडनला पोचली तेव्हा कोळसा जवळपास संपला होता. सुएझला पोचायला ३२ दिवस. वाचताना अंगावर काटा येतो. पण लंडनमधल्या ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालकांना हे आवडलं नाही, खर्च परवडत नाही म्हणाले, आणि हिशेबाने बघितलं तर खरंच परवडत नव्हतं. नुसत्या पत्रांच्या पोस्टेजवर आगबोट कधीच चालली नाही, हे लक्षात ठेवा. कोळशासाठी १८३९ ला एडन काबीज केलं, त्यालाही टपाल-कोळसा हे मोठं कारण.

म्हणजे प्रश्न आजच्यासारखाच होता. सेवा पाहिजे, बाजारभावाने ती उभी राहत नाही, मग उरलेले पैसे कोण देणार आणि कुठल्या अटीवर.

ब्रिटिश सरकारने उत्तर काढलं ते म्हणजे मक्ता. १८३७ मध्ये स्पेन-पोर्तुगालच्या टपालासाठी पेनिन्सुलर कंपनीशी करार, १८४० मध्ये अलेक्झांड्रियापर्यंत, त्याच वर्षाच्या शेवटी सनद मिळून तीच कंपनी पी अँड ओ झाली, १८४२ ला तिची 'हिंदोस्तान' बोट साउदॅम्प्टनहून कलकत्त्याला निघाली. अटलांटिकवर क्युनार्डच्या कंपनीला १८३९ मध्ये मक्ता, पुढच्या वर्षी 'ब्रिटानिया' सुटली. मुंबई-सुएझ टप्पा मात्र ईस्ट इंडिया कंपनीने स्वतःच्या आरमाराकडे ठेवला होता, तो महागात पडत होता, उशीर व्हायचा, मुंबईत बोंबाबोंब व्हायची, शेवटी १८५४ ला तोही पी अँड ओकडे गेला. आपण सरकारी ते वाईट, खाजगी ते चांगलं किंवा उलटं, असं एका वाक्यात बोलतो, पण या ठिकाणी खाजगी कंपनीने तेच काम सरकारी आरमारापेक्षा कितीतरी स्वस्तात केलं हे मान्य करायला लागतं. मला ते मान्य आहे.

आणि करार नुसते पैसे द्यायचे नव्हते. कुठल्या दिवशी सुटायचं, किती तासांत पोचायचं, उशीर झाला तर तासाच्या हिशेबाने दंड, बोट किती ताकदीची पाहिजे, युद्ध लागलं तर बोट सरकारला द्यायची, हे सगळं लिहिलेलं. मला सगळ्यात भारी वाटतं ते म्हणजे सुरुवातीच्या काळात प्रत्येक टपाल बोटीवर सरकारचा एक आरमारी अधिकारी असायचा, टपाल त्याच्या ताब्यात, आणि बोट उगाच रेंगाळली तर त्याची नोंद करणारा माणूस बोटीवरच. कंपनीचा कप्तान वेगळा, सरकारचा डोळा वेगळा. आपल्याकडे ज्या विमानाला सरकार सीटमागे पैसे देतं तिथं सरकारचा डोळा कोण आहे? विमानतळावरचा कुठला माणूस रोज लिहून ठेवतो की आज सुटलं, आज नाही, आज दोन तास लेट? लिहीत असेल तर ते आपल्याला दिसतं का?

आता यातलं वाकडं सांगतो, कारण तेही तेवढंच खरं आहे.

१८६७ चा करार घ्या, १८६८ पासून लागू झाला. यात मुंबईला दर आठवड्याला बोट आली आणि सगळ्या हिंदुस्थानचं विलायती टपाल मुंबईतूनच जायला-यायला लागलं. एडनच्या बाजूने येताना बोटीवरच पत्रांचं सॉर्टिंग व्हायचं, म्हणजे माझे वडील जे रेल्वेच्या डब्यात करायचे ते समुद्रात, बोट हलत असताना. बोट धक्क्याला लागली की थैल्या सरळ रेल्वेत. आपल्या सोलापूरला रेल्वे १८६० ला आली, १८७१ ला मुंबई-मद्रास लाइन जोडली गेली, म्हणजे मद्रासची विलायती डाक याच स्टेशनवरून पुढं गेलेली आहे. त्या कराराच्या अटी मात्र बघा. वर्षाला ४ लाख पौंड. कंपनीला भागधारकांना ८ टक्के लाभांश देता आला नाही तर रक्कम वाढवत न्यायची, ५ लाखांपर्यंत. ८ टक्क्यांच्या वर नफा झाला तर वरच्यातला पाव हिस्सा सरकारला. म्हणजे नफ्याची हमीच झाली की. तीनच वर्षांत, १८७० ला, हे बदलून सरसकट साडेचार लाख पौंड ठरवले, तेव्हाच्या हिशेबाने पौंडाला दहा रुपये धरले तर वर्षाला ४५ लाख रुपये. आपल्या दारातून गेलेली जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेसुद्धा अशाच हमीवर बांधलेली, ५ टक्के, रेल्वेला तोटा झाला तर हिंदुस्थानच्या तिजोरीतून भरपाई. हमी मिळाली की काटकसर कशाला करायची, हे कुठल्याही सोलापुरी कारखानदाराला विचारा, तो सांगेल. मजुरी ठरलेली असेल आणि सुताचा खर्च दुसरा देणार असेल तर सूत जपून कोण वापरणार.

आणि देणारं कोण होतं? या खर्चाचा मोठा वाटा हिंदुस्थानच्या महसुलातून जायचा. जमीनमहसूल, मिठावरचा कर, त्यातनं. पत्रं लिहिणारे कोण, तर गोरे अधिकारी, व्यापारी कंपन्या, लष्कर, थोडे आपले शिकलेले लोक. बार्शीच्या नाहीतर माढ्याच्या शेतकऱ्याने लंडनला कधी पत्र टाकलं होतं? पण त्याच्या मिठातून बोट चालत होती. शिवाय हिशेब पौंडात. १८७० च्या आसपास पौंड दहा रुपयांना होता, १८९० च्या दशकात तो पंधराच्या वर गेला, म्हणजे पौंड तेवढेच ठेवले तरी रुपये दीडपट. दादाभाई नौरोजी जे संपत्तीच्या निचऱ्याबद्दल आयुष्यभर बोलले, १८९७ ला हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी कमिशनसमोर गोखले आणि दिनशा वाच्छा साक्षीला गेले, तो सगळा वाद याच प्रश्नाचा होता, की इंग्लंडच्या कामाचा खर्च हिंदुस्थानच्या खात्यावर किती टाकायचा.

याच पी अँड ओच्या बोटींवर चीनला अफूसुद्धा जायची आणि कंपनीच्या कमाईत तिचा मोठा हात होता. जलद बोट कुणाला परवडते, तर ज्याचा माल हलका आणि महाग आहे त्याला. टपालाच्या नावाने दिलेल्या वेगाचा फायदा सगळ्यात आधी तिथं गेला.

मराठीत मक्ता आणि मक्तेदारी हे दोन शब्द एकाच घरातले आहेत, उगाच नाहीत. सरकारी मक्ता हातात असला की त्या जोरावर दुसऱ्याला बाजारात उभं राहू द्यायचं नाही, हे पुढचं पाऊल. जमशेटजी टाटांचं उदाहरण आपल्याला जवळचं आहे कारण ते सुताचं आहे. मुंबईच्या गिरण्यांचं सूत चीनला, कापूस जपानला जायचा, पी अँड ओ आणि तिच्या जोडीच्या कंपन्या भाडं लावतील तेवढं. १८९३ ला टाटा जपानला गेले, तिथल्या निप्पॉन युसेन कैशा कंपनीला बरोबर घेतलं आणि स्वतः भाड्याच्या बोटी आणून टाटा लाइन काढली. तर टनाला १९ रुपये घेणाऱ्या कंपनीने भाव रुपया-दीड रुपयावर आणला, काही माल फुकट न्यायलाही तयार झाली. टाटांनी पत्रक काढून विचारलं की ज्या कंपनीला सरकार आमच्या पैशातून मदत देतं ती कंपनी त्याच पैशाच्या जोरावर आम्हाला बुडवणार का? उत्तर मिळालं नाही. गिरणीवाले स्वस्त भाड्याला भुलून परत गेले, टाटा लाइन बंद पडली. आपली जुनी गिरणी १८७७ ची, मुरारजी गोकुळदासांनी काढलेली. माझे आजोबा तिथं जॉबर, म्हणजे कामगारांचे मुकादम, होते. सुताला गिऱ्हाईक मिळणं आणि जहाजाचं भाडं यांचा किती जवळचा संबंध असतो हे या गावाला वेगळं सांगायला नको.

तिकडं दक्षिणेत तेच. किनाऱ्यावर ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी, हीसुद्धा टपालाच्या मक्त्यावरच वाढलेली, आधी कलकत्ता-रंगून, मग १८६२ च्या करारानंतर सगळ्या किनाऱ्यावर आणि इराणच्या आखातापर्यंत. टिळकांना मानणारे चिदंबरम पिल्ले यांनी १९०६ ला तुतिकोरिनला स्वदेशी आगबोट कंपनी काढली तर कोलंबोचं भाडं पार रुपयापर्यंत खाली आणलं गेलं. १९०८ ला पिल्ले तुरुंगात, पुढं कंपनी मोडली. त्याच वर्षी टिळक मंडालेला.

आणि मग आपले वालचंद. वालचंद हिराचंद दोशी, जन्म सोलापूर, १८८२. शहरात त्यांच्या घराण्याच्या नावाचं कॉलेज आहे, वाचनालय आहे, पण निम्म्या पोरांना माहीत नाही की या माणसाने १९१९ मध्ये सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन काढली आणि ५ एप्रिल १९१९ ला 'लॉयल्टी' नावाची बोट मुंबईहून लंडनला सोडली. ५ एप्रिल हा आजही देशाचा सागरी दिवस आहे. ही बोट ग्वाल्हेरच्या महाराजांकडून घेतली होती, पहिल्या महायुद्धात ती हॉस्पिटल बोट होती. पण त्याच्याही आधी ती कोण होती? 'एम्प्रेस ऑफ इंडिया', कॅनेडियन पॅसिफिक कंपनीची, १८९१ मध्ये पॅसिफिक महासागरावर टपाल नेण्यासाठी उतरवलेली, ब्रिटन आणि कॅनडा सरकारच्या टपाल मदतीच्या जोरावर. म्हणजे सरकारी टपालाच्या पैशावर उभी राहिलेली बोट, तिच्यावर सोलापूरच्या माणसाने स्वदेशी झेंडा लावला, आणि समोर परत तेच टपालाचे मक्तेदार. भाडेयुद्ध झालं, १९२३ ला पी अँड ओचे प्रमुख लॉर्ड इंचकेप यांच्या गटाबरोबर करार करायला लागला, दहा वर्षं सिंदियाने किनाऱ्यापुरतंच राहायचं, परदेशी धंद्यात उतरायचं नाही. त्याच साली 'लॉयल्टी' भंगारात गेली. मला हे लिहिताना आजही वाईट वाटतं. वालचंदांनी नंतरही हट्ट सोडला नाही, किनाऱ्याचा व्यापार हिंदी बोटींना राखून ठेवा म्हणून विधिमंडळात बिल आलं, भांडणं झाली. त्यांचं म्हणणं सरकारने धंद्याला मदत करू नये असं नव्हतं बरं का. मदत कुणाला करता, कुणाच्या पैशातून करता आणि त्या बदल्यात काय घेता, हे त्यांचं भांडण होतं. माझंही तेच आहे.

आता त्या काळातल्या चांगल्या गोष्टीकडे येतो, ज्याच्यासाठी खरं तर हे सगळं लिहायला बसलो.

१८५३ मध्ये इंग्लंडमध्ये टपालाच्या मक्त्यांची चौकशी करायला एक समिती बसली, अध्यक्ष लॉर्ड कॅनिंग, तेच जे पुढं १८५७ ला आपल्याकडे गव्हर्नर जनरल होते. समितीने म्हणलं की नवीन मार्ग उभा करायला पैसे द्यावे लागतात हे मान्य, पण मार्गावर प्रवासी आणि माल वाढला की सरकारी पैसे कमी होत गेले पाहिजेत, आणि टेंडर काढून मक्ता द्यावा. साधं आहे, पण मोठं आहे. तरी लगेच सुधारणा झाली नाही. १८५९ ला गॉलवेचं प्रकरण झालं. आयर्लंडच्या गॉलवे बंदरातून अमेरिकेला टपाल न्यायचा मक्ता लीव्हर नावाच्या उद्योगपतीच्या कंपनीला मिळाला, निवडणुकीच्या तोंडावर, आणि हेच लीव्हर त्याच वर्षी गॉलवेतून खासदार झाले. बोटी धड नव्हत्या, वेळा पाळता येईनात, एक बोट जळाली, १८६१ ला मक्ता रद्द. दुसरं डोव्हर-कॅले टपालाचं प्रकरण, तिथंही मक्त्याची मुदत वाढवून देण्यात निवडणुकीचं राजकारण असल्याचं संसदीय समितीसमोर आलं. यातून १८६० मध्ये संसदेने नियम केला की परदेशी टपालाचा असा करार सभागृहाच्या टेबलावर महिनाभर राहिला पाहिजे, सदस्यांनी तो वाचला पाहिजे, सभागृहाने नापसंत केला तर तो बाद. मंत्र्याने गुपचूप सही केली आणि काम संपलं असं चालणार नाही.

यात दुःखाची गोष्ट एवढीच की ते टेबल लंडनला होतं. १८६७ चा करार त्याच टेबलावर होता, चर्चा झाली, पण ज्यांच्या मिठातून पैसे जाणार होते त्यांचा एकही माणूस त्या सभागृहात नव्हता. आज आहे. आपला आमदार आहे, खासदार आहे, महापालिका आहे. मग आज टेबल कुठंय?

सोलापूरचं बघा. विमानतळ जुना, समोर कारखान्याची चिमणी, त्यावरून वर्षानुवर्षं भांडण, १५ जून २०२३ ला चिमणी पाडली, बोरामणीचा नवा विमानतळ माळढोकच्या अभयारण्यामुळे अडकलेला, २०२४ च्या सप्टेंबरमध्ये होटगी रोडच्या विमानतळाचं उद्घाटन, जून २०२५ ला गोव्याचं विमान, ऑक्टोबरमध्ये मुंबईचं. मुंबईच्या मार्गासाठी राज्य सरकारने तूट भरून द्यायचं ठरवलं. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. आमच्याकडे टॉवेल-चादरीचं गिऱ्हाईक परदेशातून मुंबईत उतरतं आणि सोलापूर लांब म्हणून येत नाही, हे दहा वेळा ऐकलंय. विमान पाहिजे. जे लोक म्हणतात श्रीमंतांच्या विमानाला पैसे कशाला, त्यांना मी सांगतो की रेल्वेलासुद्धा १८६० ला हेच म्हणता आलं असतं.

पण उडानचा अनुभव काय सांगतो? योजना २०१६ ची, पहिलं विमान एप्रिल २०१७ मध्ये शिमल्याहून दिल्लीला. तीन वर्षं मदत, मार्गावर तीच कंपनी, काही सीट ठरलेल्या भाड्यात. २०२३ ला कॅगचा, म्हणजे सरकारी हिशेब तपासणाऱ्यांचा, अहवाल आला, तिसऱ्या फेरीपर्यंत ७७४ मार्ग दिले होते, त्यातले ४०३ सुरूच झाले नाहीत, जे ३७१ सुरू झाले त्यातल्या फक्त ११२ मार्गांनी तीन वर्षं पूर्ण केली, आणि मदत संपल्यावर मार्च २०२३ पर्यंत चालू राहिले ५४. सातशे चौऱ्याहत्तरातले चोपन्न. म्हणजे कॅनिंग समितीने जे म्हणलं होतं, की पैसे देऊन मार्ग पायावर उभा राहिला पाहिजे, ते शंभरात सात ठिकाणी झालं. मक्त्याची कसोटी पहिल्या उड्डाणाच्या दिवशी लागत नाही, हार-तुरे, फोटो, पाण्याच्या फवाऱ्याचा सलाम, त्या दिवशी सगळंच छान असतं. कसोटी चौथ्या वर्षी.

पैसा कुठून येतो यातही फरक आहे आणि तो मला महत्त्वाचा वाटतो. केंद्राच्या उडानचा मोठा पैसा मोठ्या मार्गांवरच्या विमानांवर लावलेल्या आकारातून येतो, म्हणजे दिल्ली-मुंबईचा विमान प्रवासी छोट्या शहराच्या विमानाला हातभार लावतो. हे न्यायाचं आहे. पण राज्य जेव्हा तिजोरीतून सीटमागे पैसे देतं तेव्हा त्यात मंगळवेढ्याहून एसटीने येणाऱ्या बाईचाही पैसा आहे. तिला सरकार एसटीत अर्धं तिकीट देतं, पंच्याहत्तरच्या पुढच्यांना फुकट, ही पण मदतच आहे, आणि मी तिच्या बाजूचा आहे. पण एसटीची फेरी रद्द झाली तर डेपोत जाऊन भांडता येतं, कंट्रोलरच्या खिडकीवर माणूस बसलेला असतो. तेवढाच हक्क विमानाच्या बाबतीत तिला पाहिजे, ती विमानात कधी बसली नाही तरी.

आणखी एक गोष्ट आगबोटींकडून शिकण्यासारखी. १८६९ ला सुएझ कालवा उघडला, बाकीच्यांच्या बोटी सरळ कालव्यातून जायला लागल्या, आणि पी अँड ओला मात्र करारामुळे टपाल अलेक्झांड्रियाला उतरवून, रेल्वेने सुएझला नेऊन, दुसऱ्या बोटीत चढवायला लागायचं, कारण करारात तसं लिहिलेलं होतं आणि पोस्ट खातं म्हणायचं बदलायचं तर पैसे कमी घ्या. पत्रांचं टपाल पूर्ण कालव्यातून जायला १८८८ उजाडलं. त्याच वर्षीपासूनच्या नव्या करारात हिंदुस्थान-चीनच्या टपालाचे २,६५,००० पौंड ठरले, साडेचार लाखांवरून. अठरा वर्षांत एवढा फरक पडू शकत होता. जग बदललं की करार उघडून परत बघायची सोय पाहिजे. आपल्याकडे फेब्रुवारी २०२३ ला वंदे भारत आली, साडेसहा तासांत मुंबई. सुरत-चेन्नई महामार्ग झाला तर आणखी गणित बदलेल. मग सीटमागे किती पैसे द्यायचे हे दर वर्षी नव्याने का बघू नये? आणि विमान चांगलं भरायला लागलं, सत्तर-ऐंशी टक्के, तर वरच्या नफ्यातला पाव हिस्सा सरकारला का नको? १८६७ च्या त्या वाईट करारातसुद्धा हे कलम होतं.

काही मित्र म्हणतात, अरे आत्ताच तर विमान आलंय, प्रश्न विचारले तर कंपनी पळून जाईल, सोलापूरचं नशीब परत फुटेल. ही भीती मी समजू शकतो, या गावाने फार वेळा वाट बघितली आहे. पण दंडाची अट, वेळांची नोंद, नफ्यातला वाटा, हे सगळं लिहूनसुद्धा पी अँड ओ पळाली नव्हती, उलट शंभर वर्षं टपाल वाहिलं. जी कंपनी करार लोकांनी वाचल्यामुळे पळून जाणार असेल ती चौथ्या वर्षी तशीही जाणारच आहे, फक्त तोपर्यंत आपले पैसे घेऊन.

मी माहिती अधिकाराचा अर्ज लिहिलाय. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावलाय, सोमवारी देणार. त्यात मागितलंय ते एवढंच: सोलापूरच्या मार्गासाठी राज्याने केलेल्या कराराची प्रत, सीटमागे ठरलेली रक्कम आणि आजपर्यंत दिलेली एकूण रक्कम, पहिल्या दिवसापासूनची रद्द आणि उशिरा सुटलेल्या विमानांची तारीखवार यादी, त्याबद्दल केलेला दंड, आणि मुदत संपल्यावर पुढं काय करायचं याबद्दल काही कागद झाला असेल तर तो. अर्जाची एक प्रत आमदारांना, एक खासदारांना देणार आहे आणि दोघांनाही सांगणार आहे की असा करार अधिवेशनात सभागृहाच्या टेबलावर ठेवायची मागणी करा. शहरातल्या आणखी चार-पाच जणांनी असाच अर्ज केला तर बरं होईल, मजकूर पाहिजे असेल तर मी देतो.